बडी दीदी प्रकल्प

सोमवारी सकाळी धर्मपाल रामटेके डब्यात पोळ्या भरत होता, तेवढ्यात शेजारची सुशीलाबाई बोरकर परात घेऊन दारात उभी राहिली आणि ‘या, बसा’ म्हणायच्या आत तिनं ती परात त्याच्या डब्याशेजारी आदळली.

"धरमभाऊ, हे काय आहे सांगा."

परातीत काळे, वेडेवाकडे खडे होते. धर्मपालनं चष्मा लावून नीट पाहिलं. चुकीचं उत्तर देण्यापेक्षा उशिरा दिलेलं बरं, हे टाइम ऑफिसात अठरा वर्षं काढलेला माणूस जाणतो. तरी तो चुकलाच.

"कोळसा?"

"बडी आहे बडी! रखियाची! कोहळा किसून, उडदाची डाळ पाटावर वाटून केलेली!" सुशीलाबाईचा आवाज अख्ख्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, गेला. "परवा संध्याकाळी गच्चीवर पांढरीशुभ्र होती. आज पाहा. गुढियारीचा दुकानदार म्हणते, दीदी, ये सब्ज़ी में डालने की है कि सिगड़ी में? वापस करून दिली त्यानं. तुमची कंपनी रात्रभर आमच्या डोक्यावर हे ओतून राहिली, अन् तुमी इथं बसून पोळ्या भरून राहिले!"

कंपनी काही धर्मपालची नव्हती. महाप्राण इस्पात लिमिटेडमध्ये तो माणसांच्या येण्याजाण्याच्या वेळा लिहायचा, एवढंच. पण पाऱ्यातून इस्त्रीची पँट घालून त्या फाटकात शिरणारा तो एकटाच. त्यामुळे धुराड्यातून निघणाऱ्या प्रत्येक कणाला तोच जबाबदार आहे, असं लोकांनी आपसात ठरवून टाकलं होतं. (महाप्राण म्हणजे व्याकरणात ख, घ, छ, झ वगैरे, ज्यांच्या उच्चाराला जास्त श्वास लागतो ती अक्षरं. भनपुरीत, रायपूरच्या या कारखान्यांच्या भागात, राहायलाही थोडा जास्तच श्वास लागतो. कंपनीचं नाव कुणी ठेवलं ठाऊक नाही, पण माणूस खरं बोलणारा असावा.)

आणि दुर्दैव असं, की धर्मपालला कारण ठाऊक होतं. धुराड्याला धूळ पकडणारं एक भलंमोठं यंत्र होतं. ते दिवसा चालायचं. फार वीज खातं म्हणून रात्री ते बंद ठेवायचे. यंत्रावरचा ऑपरेटर रात्री दहाला धर्मपालच्या रजिस्टरात सही करायचा, यंत्र बंद करायचा आणि यंत्राच्या सोबतीनं स्वतःही विसावा घ्यायचा. सकाळी सहाला पुन्हा सही. कारखान्यात हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणजेच ते कुणालाच माहीत नव्हतं.

"मी पाहतो," धर्मपाल म्हणाला.

हे दोन शब्द तो त्या दिवशी बोलला नसता, तर पुढचं वर्ष सुखात गेलं असतं.

कंपनीला अर्ज लिहायचा ठरला. आता पाऱ्यात अर्ज म्हटला की पांडुरंगकाकांना वगळून चालत नाही. काका रेल्वेतून मालगाडीचे गार्ड म्हणून निवृत्त झालेले. नोकरीत त्यांनी गाड्या किती नेल्या कुणास ठाऊक, पण अर्ज अमाप केले होते, आणि त्यातले काही मंजूरही झाले होते.

"अबे, ‘यंत्र बंद राहते’ असं लिवते काय कोनी?" काका मसुदा वाचून कडाडले. "साहेबाले दोष दिसला का साहेब फाइल मिटवते. ‘यंत्राच्या सातत्याबाबत नम्र निवेदन’ असं लिव. अन् ‘धूळ’ काढून टाक. ‘सूक्ष्म अवशेष’ लिव."

"काका, मंग समजन कसं त्याईले?" धर्मपालनं विचारलं.

"समजलं नाई पाहिजे. समजलं तर उत्तर द्या लागते."

शेवटी अर्ज इतका नम्र झाला की त्यात नेमकं काय हवंय हे लिहिणाऱ्यालाही दुसऱ्यांदा वाचल्यावर कळेना. फक्त सुशीलाबाईचा आग्रह म्हणून एक वाक्य राहिलं: ‘यामुळे महिलांच्या बडी व्यवसायाचे नुकसान होत आहे.’ सगळा घोटाळा त्या एका वाक्यानं केला. पर्यावरण विभागानं शेरा मारला, ‘बडी हा खाद्यपदार्थ आहे, आमचा विषय नाही.’ कँटीन विभागानं लिहिलं, ‘आम्ही बडी वापरत नाही.’ कामगार विभागानं ‘महिला’ या शब्दाभोवती लाल गोल काढला आणि अर्ज पार नव्या रायपुरातल्या मुख्य कार्यालयात, शाश्वतता व सामाजिक दायित्व विभागाकडं गेला. तिथून आठ दिवसांत बोलावणं आलं.

धर्मपाल दोन बस बदलून गेला. दुसरी बस मिळायला सव्वा तास लागला, कारण नव्या रायपुरात रस्ते आठपदरी आहेत आणि बस एकपदरी. कार्यालय काचेचं. आत झाडं, आणि झाडांची पानं हिरवी! धर्मपालनं कुणी पाहत नाही असं बघून एक पान बोटानं पुसलं. बोट स्वच्छ. त्याला उगीचच अपमान झाल्यासारखं वाटलं.

विभागप्रमुख शर्मिष्ठा मॅडम पुण्याच्या. त्यांनी त्याला खुर्ची दिली, ग्रीन टी दिला आणि मराठीत बोलल्या, त्यामुळे तो पहिल्या पाच मिनिटांतच अर्धा हरला.

"रामटेकेजी, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. किती संवेदनशील! आपल्याला असेच आतले आवाज हवे आहेत."

"मॅडम, ते रात्रीचं यंत्र जर चालू..."

"यंत्र ऑपरेशन्सचं. आपलं काम माणसांशी." मॅडमनी वहीत एक चौकोन काढला. "समस्या काय? बडी उघड्यावर वाळते. बरोबर? मग ती उघड्यावर वाळायला नको. काचेच्या पेट्या. सोलर ड्रायर. ऊन आत, बाकी सगळं बाहेर."

धर्मपालला म्हणायचं होतं, की मॅडम, बडीला पेटीत घालाल, माणसांचं काय? पण ग्रीन टीचा घोट तोंडात होता आणि तो गिळावा की कसं, या विवंचनेत वेळ निघून गेली. परत निघाला तेव्हा तो प्रकल्पाचा क्षेत्र समन्वयक झाला होता.

नावासाठी समिती बसली. तीन आठवडे बसली. शेवटी ‘बडी दीदी’ हे नाव निघालं. दीदी बडी करतात आणि दीदी बडी असते, असे दोन्ही अर्थ त्यात असल्याचं समितीनं एकमेकांना समजावलं. मग रायपुराबाहेरून एक सल्लागार संस्था आली. त्यांची प्रश्नावली अठ्ठावीस पानांची. सुशीलाबाईला विचारलं, "आप एक से पाँच में कितनी खुश हैं?"

"कोन्त्या वेळी?" सुशीलाबाईनं विचारलं.

सल्लागार मुलीनं धर्मपालकडं पाहिलं. धर्मपालनं आकाशाकडं. ‘तीन’ लिहिलं गेलं.

पेट्या ठेवायला पाऱ्यातल्या बुद्धविहाराच्या मागचं अंगण ठरलं. त्यासाठी परवानगी हवी होती. सरकारी खिडकीवरच्या बाबूनं पेटीचं चित्र उलटसुलट करून पाहिलं.

"छत है क्या इसमें?"

"काँच का ढक्कन है, साहब."

"ढक्कन ऊपर है?"

"ऊपरच राहीन ना... ऊपर ही है."

"ऊपर है तो छत है. छत है तो निर्माण है. नक्शा लाओ."

तर बारा पेट्यांचा नकाशा काढला गेला. त्यात बाबूला शौचालय दिसेना. बारा ‘निर्माणां’ना एकही शौचालय नाही म्हणून फाइल परत. पांडुरंगकाकांनी सुचवलं की नकाशात एक चौकोन काढून ‘प्रस्तावित’ लिहून दे. प्रस्तावितला कुणी उघडून पाहत नाही. परवानगी मिळाली. ते प्रस्तावित शौचालय आजही सरकारदरबारी भनपुरीत उभं आहे.

या काळात धर्मपालच्या अब्रूचं जे झालं ते वेगळंच. कंपनीनं समन्वयकाला हिरवं जाकीट दिलं. पाठीवर पांढऱ्या अक्षरांत ‘मैं हूँ बदलाव’. मायानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, ते एकदा धुतलं आणि शेवटचा ‘व’ निघून गेला. दोन दिवस धर्मपाल पाठीवर ‘मैं हूँ बदला’ घेऊन भनपुरीभर फिरला. ट्रकवाले बाजूला व्हायचे, याचं त्याला नवल वाटत होतं. त्याला वाटलं, हुद्द्याचा मान आहे. शेवटी त्याची मुलगी भावना कॉलेजातून येताना त्याच्या मागून चालत आली आणि रस्त्यातच हसत खाली बसली.

"पापा, किससे लेना है बदला?"

"मराठीत बोल," धर्मपाल गुरगुरला. आणि त्यानं जाकीट काढून काखेत मारलं.

उद्घाटन झालं. पेट्या आदल्या दिवसापासून झाकून ठेवलेल्या, त्यामुळे झाकण काढताच काच अशी लखलखली, की पाहुण्यांनी डोळे मिटले आणि त्याच क्षणी फोटो निघाले. सुशीलाबाईनं कंपनीनं दिलेली टोपी घालून पेटीत पहिली बडी ठेवली. टाळ्या. पाहुण्यांनी ‘महिला’ आणि ‘सूर्य’ यांच्यावर अर्धा तास भाषण केलं. दोघंही तोवर तापली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी काचांवर काळा थर. ऊन आत जाईना. बडी पेटीत घामेजून पडलेली. तिसऱ्या दिवशी तिला बुरशी आली, हिरवी, मऊ, मखमलीसारखी. गच्चीवरची बडी निदान वाळत तरी होती.

"धरमभाऊ," सुशीलाबाई म्हणाली, "पह्यले काळी होत होती. आता हिरवी झाली. तुमच्या जाकिटाच्या रंगाची."

मग काचा धुणं सुरू झालं. पाऱ्यात नळ सकाळी पाऊण तास. त्यातली वीस मिनिटं पेट्यांना. पांडुरंगकाकांची आंघोळ एक दिवसाआड झाली आणि त्यांनी विहारात सर्वांसमक्ष जाहीर केलं, की आपण आंघोळीवाचून राहतो आणि पेट्या रोज न्हातात, याला विकास म्हणतात. धर्मपालनं वैतागून मॅडमना फोन केला. बायकांचा रोज तासभर काचा धुण्यात जातो, हे स्पष्ट सांगितलं. नम्रपणा केला नाही.

"म्हणजे बारा महिलांना रोज एक तासाचं काम?" मॅडमचा आवाज उजळला. "रामटेकेजी, हे तर आपण मोजलंच नव्हतं!"

पुढच्या महिन्याच्या अहवालात ‘स्वच्छता क्षेत्रात अतिरिक्त रोजगार’ असा हिरवा खांब उभा राहिला. या रोजगाराला वेतन नव्हतं, पण खांब चांगला उंच होता.

एवढ्यावर भागलं असतं. पण प्रकल्पाचं नाव कुठल्याशा मोठ्या पुरस्काराच्या यादीत गेलं आणि परीक्षक प्रत्यक्ष पाहणीला येणार असं कळलं. आता काळ्या काचा दाखवणार कशा? मॅडमनी पुन्हा वहीत चौकोन काढला. दोन दिवसांत ट्रक आला आणि बाराही पेट्या उचलून नव्या रायपुरातल्या कार्यालयाच्या हिरवळीवर गेल्या. त्यांच्यामागोमाग बायकाही. रोज सकाळी आठला वातानुकूलित बस पाऱ्यात यायची, बायकांना भिजवलेल्या डाळीसकट घेऊन जायची. तिथं बडी एका दिवसात खडखडीत वाळायची. पांढरी. परीक्षकांनी खाऊन पाहिली, कच्चीच, आणि ‘लाजवाब’ म्हणाले.

सहाव्या दिवशी सुशीलाबाईनं बसच्या खिडकीतून धर्मपालला विचारलं, "इथं का नाई वाळत अन् तिथं काहून वाळते, हे त्या पाहुण्याईनं नाई विचारलं?"

"नाई विचारलं."

"तुमी सांगितलं?"

धर्मपालनं बसच्या ड्रायव्हरला निघण्याची खूण केली.

सातव्या दिवशी बस आली नाही. पेट्याही आल्या नाहीत. त्या हिरवळीवर शोभून दिसतात असं ठरलं. अंगणात उरले बारा सिमेंटचे ओटे. त्यांना ठेचकाळून पाऱ्यातल्या प्रत्येकानं निदान एकदा तरी धर्मपालचं नाव घेतलं. पुरस्कार मात्र मिळाला.

आणि मग जनसुनावणीची नोटीस लागली. कंपनीला दुसरं धुराडं उभारायचं होतं, पहिल्याहून उंच. त्यासाठी गावकऱ्यांचं म्हणणं सरकारी अधिकाऱ्यांसमोर ऐकून घेणं भाग होतं. शाळेच्या मैदानात मंडप पडला. कंपनीच्या बाजूला बडी दीदीचं मोठं पोस्टर, त्यावर डोळे मिटलेले पाहुणे, हसणारी सुशीलाबाई, आणि पोस्टरखाली खुर्चीवर नव्या जाकिटात धर्मपाल. ‘तुम्ही नुसते बसा,’ मॅडमनी सांगितलं होतं, ‘तुमचं असणंच बोलकं आहे.’

कंपनीच्या माणसानं वीस मिनिटं पडद्यावर चित्रं दाखवली. त्यानंतर सुशीलाबाईनं माइक घेतला. माइक तिच्या हातात परातीसारखाच दिसत होता.

"हमने पेटी नहीं माँगी थी, साहब," ती म्हणाली. "हमारी इतनीच बिनती थी के रात को मशीन चालू रखो. बस. एक बटन. इन्होंने पेटी दी, टोपी दी, बस दी, फोटो खींचे. बटन नहीं दबाया." मग ती वळली, आणि सगळा मंडप तिच्याबरोबर वळला. "धरमभाऊ, तुमी सांगा ना बाप्पा. मी खोटं बोलून राहिली काय?"

धर्मपालच्या निवृत्तीला पाच वर्षं होती. भावनाचं शिक्षण व्हायचं होतं. हे सगळं त्याच्या डोक्यात आलं, पण त्याच्या आधी पाय उभे राहिले होते. पायांना आधीपासून ठाऊक असावं.

"नाही," तो म्हणाला. माइक नव्हता, तरी ऐकू गेलं. "बाई सच बोल रही है. मशीन रात दस बजे बंद होती है, छह बजे चालू होती है. मैंने अठारह साल टाइम ऑफिस में रजिस्टर लिखा है. मेरे अक्षर में लिखा है."

मग मागून कुणीतरी ‘हव!’ ओरडलं आणि टाळ्या पडल्या, अशा, की मंडपाच्या कापडावर साचलेली धूळ अधिकाऱ्यांच्या कागदांवर उतरली.

त्या दिवशी धर्मपाल घरी चालत आला नाही, आणला गेला. पांडुरंगकाकांनी विहारातला फुलांचा हार त्याच्या गळ्यात घातला. सुशीलाबाईनं तिथंच अंगणात त्याच्या पाया पडायचा प्रयत्न केला आणि तो तिला उठवता उठवता स्वतःच एका ओट्याला अडखळला. सगळे हसले, तोही हसला. इतका मोठा तो आयुष्यात कधी झाला नव्हता.

"आता काढतीन तुले," काकांनी आनंदानं सांगितलं. "उत्तराचा मसुदा आजच करून ठेवू. यावेळी नम्र नाई."

धर्मपालनं बडतर्फीला उत्तर तयार केलं. चार पानं. त्यात ‘माझा अंतरात्मा’ दोनदा होतं. ते खिशात घालून तो रोज कामावर जायचा आणि रोज तसंच परत आणायचा, कारण त्याला कुणी काही बोलेचना. तीन आठवडे गेले. घडी पडून पडून कागद मधोमध फाटला. मग मॅडमचा फोन आला.

"अभिनंदन, रामटेकेजी! उपव्यवस्थापक, संवाद व पारदर्शकता. मुख्य कार्यालय. क्वार्टरसकट."

"मॅडम, मी तर तिथं..."

"तेच तर! संचालक मंडळाला फार आवडलं. कंपनीचा माणूस कंपनीच्या मंडपात उभा राहून कंपनीविरुद्ध बोलतो, कुठं होतं असं आपल्या देशात? या वर्षीच्या अहवालात तुमचं पूर्ण पान आहे."

पान खरंच होतं. जाकिटातला धर्मपाल, हात वर, तोंड उघडं. खाली ठळक अक्षरांत ‘आम्ही ऐकतो’. काय ऐकलं ते छापलं नव्हतं. सुनावणीच्या इतिवृत्तातही त्याचं बोलणं आलं होतं: ‘एका कर्मचाऱ्याने यंत्राच्या विश्रांतीकाळाविषयी उपयुक्त माहिती दिली.’ दुसऱ्या धुराड्याला मंजुरी मिळाली. त्या मंजुरीच्या कारणांत, कंपनीत मतभेदाला मोकळीक असल्याचं एक कारण होतं.

"नाई म्हणून सांग," पांडुरंगकाका म्हणाले. "हे असं तोंड बंद करणं असते."

"नाईच म्हणणार आहे," धर्मपाल म्हणाला. त्यानं तसा अर्जही लिहिला. मायाला वाचून दाखवला. तिनं शेवटपर्यंत ऐकला आणि मग ती खोकली. मुद्दाम नव्हे, दोन हिवाळ्यांपासून ती तशीच खोकत होती, आणि घरात कुणी तो आवाज ऐकायचं सोडून दिलं होतं. धर्मपालनं त्या दिवशी ऐकला. खोकला थांबायला बराच वेळ लागला. भावनानं पाणी आणून दिलं आणि ती बापाकडं न बघता म्हणाली, "चलते हैं ना, पापा."

तो अर्ज त्यानं दिला नाही.

सामान टेम्पोत चढलं तेव्हा पाऱ्यातले लोक आले. हात लावला, कपाट उचललं, कुणी एक शब्द वावगा बोललं नाही. त्यानं जास्त लागलं. सुशीलाबाई दारात उभी होती. ती म्हणाली, "बरं झालं. मायाच्या छातीले आराम पडन." तिनं हे मनापासून म्हटलं, आणि त्याला वाटत होतं तिनं तसं म्हणू नये.

नव्या रायपुरातल्या पहिल्या रविवारी मायानं चादरी धुतल्या. पांढऱ्या होत्या, लग्नातल्या. भनपुरीत कधी पेटीतून बाहेर काढल्या नव्हत्या. बाल्कनीत दोरीवर दिवसभर राहिल्या. संध्याकाळी तिनं त्या आत आणल्या आणि एक हातात धरून पलंगावर बसून राहिली. तिनं ती उलटी करून पाहिली. कोपरे पाहिले. कुठं काही नव्हतं.

"काय झालं?" धर्मपालनं विचारलं.

"काई नाई. पांढरी आहे."

बाहेर रस्त्यावर एकही माणूस नव्हता.

"सुशीलाचा फोन आला तर सांगू नका," माया म्हणाली.

"काय?"

"हेच, इथं चादर पांढरी राह्यते म्हणून."

धर्मपाल उठला. त्यानं चादरीचं दुसरं टोक धरलं. दोघांनी मिळून तिची नीट घडी घातली, आणि मायानं ती कपाटात, सगळ्यात खाली ठेवून दिली.